दोर धरणारा माणूस

एप्रिल सरत आला की कयाधूचे पात्र जागोजागी कोरडे पडते आणि हिंगोली जिल्ह्यातल्या पोरांची पावले विहिरीकडे वळतात. ज्या विहिरीत अजून दोन-तीन परुस पाणी शिल्लक आहे, तिथे भर उन्हात शाळा भरते. शिकणाऱ्याच्या पाठीला वाळका भोपळा किंवा तोंड घट्ट बंद केलेला रिकामा डबा, कमरेला दोर, आणि दोराचे दुसरे टोक काठावरच्या मामाच्या नाहीतर चुलत्याच्या हातात. पोरगे पाण्यात पडते, गटांगळी खाते, नाकातोंडात पाणी जाते. तेवढ्यात वरून दोराला ओढ बसते आणि डोके पाण्याबाहेर येते. चार दिवसांनी दोर ढिला सुटतो, आठवड्याभरात डबा निघतो, आणि सुट्टी संपायच्या आत तेच पोरगे वरच्या थारोळ्यावरून सूर मारते.

त्या मामाने कुठले पुस्तक वाचलेले नसते. पण त्याची नजर पाण्यावरून हलत नाही. कोणते पोर घाबरले आहे, कोणते उगाच धीट झाले आहे, दोर कधी ताणायचा आणि कधी सोडायचा, हे त्याला कळते. जो दोर सोडून शेजाऱ्याशी गप्पा मारत बसतो, त्याच्या हाती गावात दुसऱ्यांदा कोणी आपले मूल देत नाही.

स्कुबा डायव्हिंगवरच्या पुस्तिकेची प्रस्तावना विहिरीपासून सुरू करण्याचे कारण हेच आहे. हिंगोलीहून मालवण रस्त्याने सहाशे किलोमीटरहून दूर आहे. औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगावच्या अनेक घरांत समुद्र पाहिलेला माणूस आजही कौतुकाने बोलतो. तरी मालवणजवळच्या तारकर्लीच्या पाण्याखालच्या चित्रफिती इथल्या प्रत्येक मोबाइलवर पोचल्या आहेत, आणि कॉलेजात शिकणारी, पोलीस भरतीची तयारी करणारी, नुकतीच नोकरीला लागलेली तरुण मुले-मुली विचारू लागली आहेत: हे शिकता येईल का? किती पैसे लागतात? पोहता यायला हवे का? या सगळ्या प्रश्नांच्या आधी यायला हवा असा एक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. शिकवणार कोण?

त्याचे महत्त्व पटायला आधी पाण्याखाली काय घडते ते समजून घ्यावे लागते. आणि इथेच विहिरीत तयार झालेल्या पट्टीच्या पोहणाऱ्याला पहिला धक्का बसतो.

विहिरीतली सगळी मर्दुमकी दमावर असते. छाती भरून हवा घ्यायची, दम कोंडायचा, बुडी मारायची आणि तळाची माती मुठीत धरून वर यायचे. मूठ उघडून दाखवली की पैज जिंकली. स्कुबाचा पहिला नियम याच्या नेमका उलटा आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणारी झडप, असेपर्यंत संथपणे आत-बाहेर, आत-बाहेर करत राहायचे.

कारण साधे आहे, पण ते नीट समजावून सांगावे लागते. समुद्रसपाटीला माणसाच्या अंगावर एका वातावरणाएवढा दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. विहिरीत बुडी मारणाऱ्याने हवा काठावर घेतलेली असते. खाली जाताना ती छातीत आक्रसते आणि वर येताना मूळ आकारावर येते, त्यामुळे त्याला इजा होत नाही. स्कुबा करणारा मात्र खालच्या दाबाचीच हवा खाली बसून घेत असतो. १० मीटरवर छाती भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. तोंड मिटलेले असेल तर तिला वाट मिळत नाही आणि फुप्फुस फाटते. यासाठी फार खोल जावे लागते असेही नाही. पूर्ण भरलेल्या छातीने सव्वा-दीड मीटर वर येतानाही ही इजा होऊ शकते. पुरुषभर पाण्याला कोण घाबरतो, असे म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

आता कल्पना करावी की वसमतकडचा एक तगडा पोहणारा पहिल्यांदा सिलिंडर पाठीला लावून उतरला आहे. मास्कमध्ये थोडे पाणी शिरते, तो दचकतो. दहा-बारा वर्षांची सवय त्याला काय सांगेल? दम कोंड आणि वर पळ. इथे या दोन्ही गोष्टी घातक आहेत. चांगला प्रशिक्षक हे आधीच ओळखून असतो. ज्याला पोहता येत नाही त्याची भीती तोंडावर दिसते, ज्याला चांगले पोहता येते त्याची सवय दिसत नाही, म्हणून तो दुसऱ्याकडे अधिक लक्ष देतो. उथळ तलावात, कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यावर बसवून तो मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायला लावतो, नाकाने फुंकून ते बाहेर काढायला लावतो, रेग्युलेटर तोंडातून काढून पुन्हा बसवायला लावतो, आणि तोंडात रेग्युलेटर नसताना बारीक बुडबुडे सोडत राहायला शिकवतो. एकदा जमले म्हणून तो पुढे जात नाही. चेहऱ्यावरचा ताण उतरेपर्यंत तेच तेच करून घेतो.

कानांचेही तसेच. पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच कानावर दाब जाणवतो. नाक चिमटीत धरून हलके फुंकले की तो सुटतो. दुखू लागल्यावर फुंकायचे नसते, दुखण्याच्या आधी फुंकायचे असते. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरायचेच नाही. एवढे वाक्य ठामपणे म्हणणारा, आणि त्यासाठी त्या दिवसाच्या पैशांवर पाणी सोडणारा प्रशिक्षक भेटला, तर विद्यार्थ्याने नशीब समजावे.

हे शहाणपण जगालाही एका दिवसात आलेले नाही. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी मागणीनुसार हवा देणारी झडप पाण्याखाली वापरून दाखवली. युद्धकाळात पेट्रोलची टंचाई होती, तेव्हा मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यां यांनी जी झडप तयार केली होती, तिच्यातूनच ही कल्पना निघाली. युद्ध संपल्यावर ही उपकरणे दुकानात आली. ती विकत घेणारे लोक होते, शिकवणारे मात्र नव्हते. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत कॉनरॅड लिंबो या जीवशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या आरंभी शास्त्रज्ञांसाठी पद्धतशीर प्रशिक्षण सुरू केले. पुढे लॉस एंजेलिस काउंटीने सामान्य नागरिकांना शिकवू शकतील असे प्रशिक्षक घडवायला घेतले. १९६०च्या सुमारास नॉई, १९६६ साली पाडी आणि १९७० साली एसएसआय या संस्था उभ्या राहिल्या. आज हिंगोलीचा मुलगा तारकर्लीला किंवा अंदमानला जे ओळखपत्र मिळवतो, ते बहुधा अशाच एखाद्या संस्थेचे असते.

लिंबो यांचा शेवट इथे सांगायला हवा. १९६० साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पाण्याखालच्या एका गुहेत वाट चुकून त्यांचा मृत्यू झाला. ज्याने इतरांना शिकवण्याची घडी बसवली, तोही ओळखीच्या पाण्यातून अनोळखी पाण्यात गेला तेव्हा परतला नाही. मोकळा समुद्र, गुहा, बुडालेले जहाज, धरण ही वेगवेगळी शास्त्रे आहेत, आणि एकाचा सराव दुसऱ्यात आपोआप कामी येत नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या विषयाचे माहेर मालवण. शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याच्या भोवतालच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. १९८७ साली इथले सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. मासेमारीवर गदा येईल या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि तो विरोध पोटातून आलेला होता. २०११-१२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर जो प्रकल्प राबवला गेला, त्यात स्थानिक तरुणांना स्नॉर्कलिंग आणि स्कुबाचे मार्गदर्शक म्हणून तयार करणे हा एक भाग होता. त्याच दशकात तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा डायव्हिंगचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा त्यात पुढाकार होता. ज्या घरात रापणीचे जाळे ओढले जायचे, त्या घरातला मुलगा आज पर्यटकाचा हात धरून त्याला प्रवाळ दाखवतो. हा बदल महाराष्ट्राने पुरेसा पाहिलेला नाही असे वाटते. समुद्राची ओढ, वाऱ्याचा रोख आणि गढूळपणाची चाहूल त्याला लहानपणापासून कळते. त्यावर शास्त्रीय प्रशिक्षणाची जोड मिळाली की त्याच्यासारखा शिक्षक दुसरा नाही.

पण मालवणात जे पर्यटक ‘स्कुबा केला’ म्हणून सांगतात, त्यांतल्या बहुतेकांनी शिक्षण घेतलेले नसते, अनुभव घेतलेला असतो. दहा-पंधरा मिनिटे, मार्गदर्शकाच्या हातात हात, चार मासे, एक फोटो. त्यात काहीच वाईट नाही. चांगल्या हाताखाली घेतलेला तो अनुभव आयुष्यभर लक्षात राहतो. फक्त त्याला शिक्षण समजू नये. पाडीच्या ‘ओपन वॉटर’ या पहिल्या अभ्यासक्रमाला साधारण तीन-चार दिवस लागतात. अभ्यास आणि लेखी परीक्षा, तलावातले किंवा बंदिस्त पाण्यातले पाच सराव, मग समुद्रातल्या चार बुड्या. २०० मीटर न थांबता पोहणे आणि १० मिनिटे पाण्यावर तरंगून राहणे जमावे लागते. वेगाची अट नाही, हात कसे मारता याचीही नाही. विहिरीत शिकलेल्याला हे सहज जमते. वयाची दहा वर्षे पूर्ण झालेले मूलही शिकू शकते. हे ओळखपत्र प्रौढ माणसाला १८ मीटरपर्यंत, जोडीदाराबरोबर, उतरण्याची परवानगी देते. त्याहून खोल नाही.

विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटरवर आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे, प्रवाळांनी भरलेले. वाचून कोणालाही तिथे जावेसे वाटेल. पण त्याचा उथळात उथळ भागही सुमारे २० मीटरवर आहे. नुकत्याच शिकलेल्याला ‘अजून नाही’ असे सांगणारा प्रशिक्षक त्याचा उत्साह मोडत नसतो, पुढच्या अनेक वर्षांची त्याची बुडी राखत असतो.

चांगला प्रशिक्षक घडतो कसा, हे शिकणाऱ्याला माहीत असले तर निवड सोपी जाते. आधी स्वतः डायव्हर, मग दुसऱ्याला वाचवण्याचे शिक्षण, मग डाइव्हमास्टर, म्हणजे प्रशिक्षकाचा सहायक, म्हणून उमेदवारी. पाडीच्या पद्धतीत प्रशिक्षकाच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान १०० बुड्यांची नोंद वहीत असावी लागते. शिकवणारा वेगळा आणि परीक्षा घेणारा वेगळा असतो. १०० हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, प्रत्यक्षात ती सुरुवात आहे. एकाच किनाऱ्यावर पाच हंगाम काढलेल्या माणसाच्या नोंदी त्याहून कितीतरी जास्त असतात. प्रत्येक प्रशिक्षकाला क्रमांक असतो आणि तो अजून कार्यरत आहे का, हे संबंधित संस्थेकडे पडताळून पाहता येते. हे विचारण्यात संकोच करू नये. जो खरा आहे त्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

तरीही कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी अधिक बोलक्या असतात. पहिल्या भेटीत तो आरोग्याचा तक्ता समोर ठेवतो आणि विद्यार्थ्याला तो शांतपणे वाचू देतो का? दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण यांबद्दल त्यात विचारलेले असते. एखाद्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर डॉक्टरची सही लागते. सगळीकडे ‘नाही’ लिहून टाका, असे जो म्हणतो त्याच्याकडून उठून यावे, भरलेले पैसे गेले तरी चालतील. एका वेळी किती जणांना पाण्यात नेतो? पाडीची मर्यादा अभ्यासक्रमात समुद्रात एका प्रशिक्षकामागे आठ आणि पहिल्यांदाच अनुभव घेणाऱ्यांसाठी चार आहे. ही कमाल मर्यादा आहे, चांगले प्रशिक्षक त्याच्याही खाली थांबतात. गढूळ पाण्यात चार जणांवर नजर ठेवणे म्हणजे काय, हे विहिरीच्या काठावर एकाच वेळी दोन दोर धरलेल्या मामाला विचारावे.

भाषा हा मुद्दा मराठवाड्यातल्या मुलांसाठी लहान नाही. बहुतेक अभ्याससाहित्य इंग्रजीत आहे. वर्गात मान डोलवणारा विद्यार्थी पाण्याखाली गोंधळतो, आणि तिथे पुन्हा विचारता येत नाही. मालवणी हेल आणि मराठवाडी बोली यांत अंतर आहे, पण दोघांची मराठी एक आहे. जो प्रशिक्षक दाबाचा नियम सायकलच्या ट्यूबवर, फुग्यावर किंवा पाण्यात दाबून धरलेल्या रिकाम्या बाटलीवर मराठीत समजावतो, आणि मग ‘आता तू मला सांग’ म्हणून उलट विचारतो, त्याच्याकडे शिकलेले विसरत नाही.

खुणांचेच पाहा. जमिनीवर अंगठा वर केला की ‘झकास’. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला, बुडी संपली’. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. सगळे छान चालले आहे म्हणून आनंदाने अंगठा दाखवणाऱ्या नवशिक्याला घेऊन प्रशिक्षक गंभीर चेहऱ्याने वर येतो, असे नेहमी घडते. अंगठ्याच्या खुणेला प्रश्न विचारायचा नसतो. कोणीही, कोणत्याही कारणाने ती केली की सगळ्यांनी वर यायचे. विद्यार्थ्याने नको म्हटले तर नको, हा हक्क पहिल्याच दिवशी त्याच्या हातात देणारा प्रशिक्षक निम्मे काम तिथेच करून टाकतो. कारण पाण्याखाली जीव घेणारी गोष्ट बहुतेक वेळा शार्क किंवा फुटलेली नळी नसते. घाबरलेला माणूस न बोलता सहन करत राहतो आणि एका क्षणी त्याचा ताबा सुटतो, तिथे घात होतो.

जबाबदारी पाण्याखालीच संपत नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कुबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. बुडी केव्हाच संपली होती. बोटीत किती माणसे, प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट आहे का, वारा कसा फिरला आहे, हे चांगला प्रशिक्षक किनाऱ्याला पाय लागेपर्यंत मोजत राहतो.

हिंगोलीच्या वाचकासाठी एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. जिल्ह्यात आणि सीमेवर मोठे पाणी आहे: पूर्णेवरचे येलदरी आणि त्याच्या खालचे सिद्धेश्वर, पैनगंगेवरचे इसापूर. कोणी बुडाले की भोई समाजातल्या जाणत्या पोहणाऱ्यांना हाक जाते. गळ टाकून, बुड्या मारून ते शोध घेतात, आणि त्यांच्या या सेवेची नोंद क्वचितच होते. समुद्रात शिकून आलेल्या तरुणाला अशा वेळी आपण मदतीला जावे असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याने जाऊ नये. धरणाच्या तळाशी बुडालेली झाडे, जुन्या जाळ्या आणि हाताला हात न दिसणारा गाळ असतो. शोधकार्याचे डायव्हिंग दोराच्या खुणांवर, अंधारात, काठावरच्या प्रशिक्षित साथीदाराच्या भरवशावर चालते. त्याचे शिक्षण स्वतंत्र आहे. शिवाय ३०० मीटरपेक्षा उंचावरच्या पाण्यात बुडी मारताना हिशेब बदलतात. इसापूरची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४४१ मीटर आहे, येलदरीची त्याहून जास्त. हवेचा दाब कमी असल्याने, पाण्याखाली दाबाची हवा घेताना शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनला बाहेर पडायला वेगळा वेळ लागतो. समुद्राच्या पातळीसाठी केलेला तक्ता इथे जसाच्या तसा चालत नाही.

पुढच्या पानांत उपकरणे, खुणा, अभ्यासक्रम, खर्च आणि हंगाम यांची माहिती क्रमाने येईल. पावसाळ्यात मालवणचे डायव्हिंग बंद असते, म्हणून हिंगोलीकराला दिवाळीची सुट्टी सोयीची. ती माहिती वाचताना हा नायट्रोजन मात्र ध्यानात ठेवावा, कारण परतीच्या वाटेवर तो सोबत असतो. बुडीनंतर विमानात लगेच बसू नये, हे अनेकांना माहीत असते. एका बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्या झाल्या असतील तर १८ तास थांबावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. हिंगोलीचा विद्यार्थी विमानाने जात नाही, म्हणून तो हे वाक्य ओलांडून पुढे जातो. पण हा संकेत सुमारे ६१० मीटरपासूनच्या उंचीला लागू होतो आणि आंबोलीचा घाट ६९० मीटरच्या आसपास आहे. दुपारी समुद्रातून बाहेर पडून संध्याकाळच्या गाडीने घाट चढणाऱ्याचे शरीर त्या उंचीला तयार नसते.

म्हणून तारकर्लीचा जाणता प्रशिक्षक शेवटच्या दिवसाचा बेत ठरवताना आधी विचारतो, गाव कोणते आणि गाडी कितीची? हिंगोली म्हटल्यावर तो कोणत्या घाटाने जाणार तेही विचारतो, आणि शेवटची बुडी आदल्या दिवशी सकाळीच उरकून घेतो.